केसभर लहान

१

नकली बिल्ला ओळखायला डोळ्यांपेक्षा नख जास्त कामाला येतं. असली बिल्ला पोलादी ठशाखाली दाबून काढलेला असतो. त्याच्या कडेवरून नख फिरवलं की ते जागोजागी अडखळतं. ओतीव नकलेवरून ते नुसतं घसरतं, भिजलेल्या साबणाच्या वडीवरून घसरावं तसं. बाकी भिंग, मोजपट्टी आणि तोंडावरचा गंभीर भाव हा सगळा समोरच्याची खात्री पटावी म्हणून केलेला थाट.

माझी नोकरी बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात, बियाणं तपासायची. दिवसभर टेबलावर तुरीचे, मुगाचे दाणे पसरायचे, भिंगातून बघायचे आणि भेसळीचे बाजूला सारायचे. संध्याकाळी घरी तेच काम, फक्त दाण्यांच्या जागी पलटणींचे बिल्ले. निजामाच्या फौजेतले, इंग्रजांच्या वेळचे, टोपीवरचे, खांद्यावरचे, जे मिळतील ते. बायको या सगळ्याला सरसकट भंगार म्हणायची. पण औरंगाबादचे, हैदराबादचे शौकीन गाडीभाडं खर्चून माझ्याकडे येत, बिल्ला पुढे ठेवत आणि माझ्या तोंडाकडे बघत बसत. मी 'खरा' म्हणालो की त्यांचा चहा गोड लागायचा, 'खोटा' म्हणालो की तोच कडू. मला याचा गर्व होता. कशाला नाकारू?

शहात्तर सालच्या हिवाळ्यात एके दुपारी डबा खाऊन मी दाणे निवडत बसलो होतो, तेव्हा पुंजाराम आत आला. पुंजाराम केंद्राच्या शेतावर कामाला होता. मूळचा धावड्याचा, भोकरदनकडचा. शब्द जपून वापरणारा माणूस. त्याने खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि एक बिल्ला दाण्यांच्या शेजारी ठेवला.

"साहेब, हा बघा बरं. खरा हाय का खोटा?"

मी बघितलं आणि हसलोच. बिल्ला माझ्या ओळखीचा होता. महार पलटणीचा जुना बिल्ला, भीमा कोरेगावचा स्तंभ असलेला. पुढे पलटणीची खूण बदलली, म्हणून हा जुना आता कुठे बघायलाही मिळत नाही. याचं खालचं एक टोक कधीतरी मोडलं होतं आणि कुणीतरी डाग देऊन ते परत जोडलं होतं. डाग थोडा तिरका बसलेला. वरच्या कडेला एक ओरखडा. सगळं जागच्या जागी होतं.

"हा तर तुझ्या दाजींचा," मी म्हणालो. "देवानंदचा."

"दिसतो तर त्याचाच. पर तुमी नीट बघा."

मी सवयीने कडेवरून नख फिरवलं. ते घसरलं.

२

देवानंद म्हणजे पुंजारामच्या बहिणीचा, केशरबाईचा नवरा. तो पलटणीत होता. सत्तर साली सुटीवर आला तेव्हा पुंजारामने त्याला माझ्याकडे आणलं होतं, कारण त्याच्या खिशात हा बिल्ला होता. त्याच्या बापाचा, रखमाजीचा, दुसऱ्या महायुद्धातला. मला तो हवाच होता. देवानंद हसून म्हणाला होता, "साहेब, आमच्या घरात सोनं न्हाई. हेच सोनं. हे इकलं तर बापाला काय सांगू?"

मग मी निदान ठसा तरी घेऊ द्या म्हणालो. आमच्याकडे बियाण्यांच्या नमुन्याच्या पिशव्या लाखेने बंद करतात. मी तीच लाख मेणबत्तीवर वितळवली, एका डबीच्या झाकणात ओतली, बिल्ल्याला थोडं तेल लावलं आणि हलक्या हाताने दाबला. लाख निवल्यावर बिल्ला काढून देवानंदला परत दिला. लाखेत बिल्ल्याची खाच कोरल्यासारखी उमटली होती. एकाहत्तरच्या लढाईत देवानंद सरहद्दीवर बेपत्ता झाला. मेला म्हणावं तर देह सापडला नाही, जिवंत म्हणावं तर माणूस नाही. झाकण माझ्या टेबलाच्या खणात तसंच पडून होतं.

ते मी आता बाहेर काढलं आणि बिल्ला त्या खाचेत ठेवला.

तो बसला. प्रत्येक उंचवटा आपापल्या खळग्यात गेला, तिरका डागसुद्धा. पण झाकण हलवलं तर बिल्ला आत खडखडला. मी भिंग लावलं. चहूबाजूंनी सारखी, केसभर फट होती.

आता मी तर्काने चालणारा माणूस. बिल्ला झिजला असेल? झिजतात त्या वरच्या रेषा. अख्खा आकार सगळीकडून सारखा झिजत नाही. लाख पसरली असेल? लाख निवताना उलट आकसते, मग बिल्ला आत अडकायला हवा होता, सैल पडायला नको. एकच उत्तर उरत होतं, आणि ते मला तोंडपाठ होतं. असलावरून साचा घेतात, साच्यात रस ओततात, रस निवताना आकसतो. म्हणून नक्कल असलापेक्षा नेहमी केसभर लहान निघते. मी तो डाग पुन्हा बघितला. डाग होता, पण तो डाग देऊन जोडलेला नव्हता. सगळा एकसंध ओतलेला. जोड दिसत होता आणि जोडलेलं काहीच नव्हतं.

"खोटा आहे," मी म्हणालो. "पण हुबेहूब. कुणी आणला हा?"

पुंजारामने बोटाने एक दाणा बाजूला सारला.

"त्यानंच," तो म्हणाला. "दाजीनं. दिवाळीच्या नंतर आल्ता."

३

त्या दिवशी पुंजाराम जेवढा बोलला तेवढा मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. देवानंद एका सकाळी चालत घरी आला. तेच तोंड, तीच बोली. गावाला ओळखतो, शेताचा बांध ओळखतो, म्हशीचं नाव घेऊन हाक मारतो. त्याचा बाप आधीच गेला, आई दोन वर्षांमागे वारली, नाहीतर तिने हात फिरवूनच सांगितलं असतं. गावाला शंका नव्हती. शंका होती ती केशरबाईला. तिने त्याला जेवू घातलं, पाणी दिलं, पण आतल्या खोलीचा उंबरा ओलांडू दिला नाही.

"पलटणीला कळवलंत का?" मी विचारलं.

"कळवणारच हावत. पर बहीण म्हणती, आधी साहेबांकडून बिल्ला बघून घ्या. बिल्ला खरा तर माणूस खरा, मंग घरात घेते." त्याने रुमालाची गाठ बांधली आणि परत सोडली. "मला एकच बहीण हाय साहेब. म्या तिला परक्या माणसाच्या हवाली कशी करू? आन खरा असंल तर दाराबाहेर तरी कसा ठिवू? तुमी चला एकडाव. तुमच्या तोंडानं तिला सांगा."

रविवारी आम्ही निघालो. जालन्याला गाडी बदलली. राजूरपर्यंत गणपतीला निघालेल्या बायाबापड्यांनी गाडी अशी गच्च भरली की मला कुणाचातरी नारळ मांडीवर घेऊन बसावं लागलं. राजूरला सगळे उतरले आणि गाडीत एकदम कोणीच उरलं नाही. भोकरदनच्या पुढे रस्त्यावर कापसाच्या गाड्या लागल्या. वाऱ्याने पेळूएवढे कापसाचे तुकडे उडत, बाभळींना अडकत आणि सुटून परत तरंगत. ऊन पांढरं होतं. मला डुलकी लागली. जागा झालो तेव्हा वाटलं की गाडी थांबलेली आहे आणि रानच हळूहळू मागे सरकत आहे. पुंजारामला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "उपाशी हाव तुमी," आणि माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले.

घर दोन खोल्यांचं होतं. पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली. खरेदी केंद्रावर नंबर लागायचा होता, तोवर कापूस घरातच. दारापासून आतल्या उंबऱ्यापर्यंत एक माणूस जाईल एवढी वाट मोकळी होती, आणि त्या वाटेच्या वर भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. मी "कोणी आहे का" म्हणालो आणि दचकलो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. कापसाच्या खोलीत आवाज बुडतो हे मला माहीत होतं. तरीही दचकलो.

"जय भीम भाऊ," आतून बाई म्हणाली. "या. बसा."

केशरबाई तिशीच्या आतबाहेरची, सडपातळ, ताठ उभी राहणारी. तिने पाण्याचा तांब्या दिला आणि डोळ्यांनीच कापसाकडे खूण केली. ढिगाच्या पायथ्याशी पोत्यावर देवानंद बसला होता.

४

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? ज्याला लढाईने गिळलं म्हणून आपण हळहळलो, तो माणूस समोर उठून उभा राहतो आणि "जय भीम साहेब, औंदा बियाणं कसं हाय?" विचारतो, तेव्हा आधी आनंदच होतो. मी त्याचा हात हातात घेतला. हात गार नव्हता, गरमही नव्हता. खोलीइतकाच होता.

आम्ही बोललो. त्याला सगळं आठवत होतं. मेणबत्ती, लाख, मी लाख ओतताना बोट भाजून घेतलं ते. "तुमी तवा 'आई गं' म्हणले व्हते," तो म्हणाला, आणि पुंजाराम इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. मीही हसलो. मनात म्हटलं, बिल्ला खोटा असेल, माणूस खरा आहे. कैदेत खरा बिल्ला कुणी काढून घेतला असेल, बापाची आठवण म्हणून याने तसाच दुसरा करवून घेतला असेल. सरळ आहे. उगाच रुमालाच्या गाठी सोडत बसलो आपण.

मग तो टोपी टांगायला उठला.

भिंतीत खुंटी होती. त्याने न बघता हात वर केला, जसा माणूस आपल्या घरात करतो. बोटं खुंटीच्या खाली थांबली. जराशीच खाली. त्याने खुंटीकडे बघितलं, टाचा उचलल्या आणि टोपी अडकवली.

"खुंटी वर घेतली का गं?" त्याने विचारलं.

"न्हाई," केशरबाई म्हणाली.

त्याच्या अंगात त्याचाच जुना सदरा होता, पेटीतून काढलेला, घड्यांच्या रेषा असलेला. बाह्या मनगट ओलांडून तळहातावर आल्या होत्या. मी स्वतःला समजावलं की कैदेत माणूस खंगतो. पण खंगलेल्या माणसाची हाडं वर येतात, गाल बसतात. याचे गाल बसले नव्हते. तो जसा होता तसाच होता, भरलेला, बेताचा. फक्त सगळीकडून सारखा. त्याच्या भुवईवर बैलाच्या शिंगाची जुनी खूण होती. पूर्वी तिथली कातडी ओढल्यासारखी दिसायची आणि तो हसला की एक डोळा बारीक व्हायचा. खूण आताही तिथेच होती. तो हसला, आणि दोन्ही डोळे सारखेच बारीक झाले.

"इतकी वर्षं होतास कुठे देवानंद?" मी विचारलं.

"लांब."

"म्हणजे कुठे? पलीकडच्या कैदेत?"

तो विचार करू लागला. लपवत होता असं मला वाटलं नाही. ज्याच्यासाठी आपल्याकडे शब्द नाही असं काहीतरी तो हाताने चाचपडत होता.

"तिथं रांग व्हती साहेब," तो म्हणाला. "लई लांब. सगळ्या मुलखातली माणसं. शांत असायची बिलकुल. नंबर आला की आत."

"आत काय?"

"गरम व्हतं," तो म्हणाला, आणि तळहात कापसावर ठेवला. त्याचा आवाज बद्द येत होता, चीर गेलेल्या मडक्यासारखा. पण त्या खोलीत पुंजारामचाही तसाच येत होता, माझाही. कापूस, मी स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात केशरबाईने मागचं दार उघडलं. दुपारचं ऊन वाटेने सरळ आत आलं. देवानंद माझा तांब्या भरून आणायला वळला आणि त्याच्या मानेवर ते ऊन पडलं. कानाच्या पाळीच्या मागून कॉलरच्या आत एक रेघ जात होती. बारीक, सरळ. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे अशी रेघ राहते. बनवणारा ती कानशीने घासून काढतो आणि वाटतं की झाकली गेली. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना कानशीचे बारीक, समांतर ओरखडे होते. मी असे हजार वेळा बघितले आहेत. धातूवर.

तो तांब्या घेऊन बाहेर गेला. मी जमिनीकडे बघत बसलो. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली की मला बारकाईने बघता येतं.

५

घरामागे कडब्याच्या गंजीच्या सावलीत केशरबाईने मला बसायला फळी दिली. स्वतः उभी राहिली.

"सांगा भाऊ."

"बिल्ला खोटा आहे," मी म्हणालो. रेघेचं मी बोललो नाही. त्या उन्हात, कोंबड्या चरत असताना, ते तोंडातून निघालं नसतं.

तिने मान हलवली. "मला ठावं व्हतं. पर जाणत्याच्या तोंडून पायजे व्हतं." मग ती म्हणाली, "वाईट न्हाई तो. सांगायच्या आधी पाणी भरतो. आवाज चढवत न्हाई. पर भाऊ, त्या खोलीत आमी रातभर निजलो तर खोकून खोकून जीव जातो. तो रोज कापसात निजतो. एकडावबी खोकला न्हाई."

मी गंजीतलं कडब्याचं एक पान ओढून काढलं.

"एक इचारू?" ती म्हणाली. "खोटा बिल्ला करायचा म्हंजे खरा हातात लागतो का?"

इथे माझं चुकलं. नव्हे, चुकलं कसं म्हणू, मी खरं तेच सांगितलं. माझ्या आवडीचा विषय होता आणि त्या खोलीतून बाहेर आल्यामुळे माझी जीभ सुटली होती. "लागतोच," मी म्हणालो. "असल समोर असल्याशिवाय नक्कल होऊच शकत नाही. ऐकीव माहितीवर होत नाही. साच्यात असलच दाबावा लागतो."

"मंग तो खरा दाबल्यानं मोडतो का?"

"छे. साचा काढला की असल जसाच्या तसा बाजूला. त्याला काही होत नाही."

"आन तो मोडका असला तर?"

"तर मोडलेलं नकलेतही उतरतं. नक्कल काही लपवत नाही."

"ह्याच्यात तर काई मोडलेलं न्हाई," केशरबाई हळूच म्हणाली. "जेवढ्या खुणा आमाला ठाव्या, तेवढ्याच. नवी एकबी न्हाई. ना गोळीची, ना कशाची."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती बिल्ल्याबद्दल बोलत नाही.

"केशरबाई," मी घाईने म्हणालो, "मी बिल्ल्याचं सांगतोय."

"मीबी तेच बोलून राह्यले." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसत होती. "म्हंजे खरा हाय कुठंतरी. धडधाकट. भाऊ, लढाई झाल्यापासून मला कुनी 'हाय' बी म्हणालं न्हाई आन 'न्हाई' बी म्हणालं न्हाई. सरकार न्हाई, गाव न्हाई. तुमी पहिले."

मी फळीवरून उठलो, पण ती आत गेली होती. कापसाच्या वाटेवर ती देवानंदसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला तिथं घेऊन चला. जिथून आलात तिथं."

मला वाटलं होतं तो नाकारेल. निदान का म्हणून विचारेल. त्याने खुंटीवरची टोपी काढली.

"चला," तो म्हणाला. घरातला माणूस तयार होऊन केव्हाचा वाट बघत बसलेला असावा, तसं. आल्यापासून तो एवढ्या एका शब्दासाठीच त्या पोत्यावर बसून होता असं मला वाटलं.

मी आडवा आलो. पलटणीला पत्र लिहू, कलेक्टरकडे जाऊ, चार दिवस थांबा, सगळं बोललो. शब्द तोंडातून निघत होते आणि कापसात जात होते. पुंजारामने बहिणीचा हात धरला. "येडी झाली का? कुठं चालली? हा कोण हाय ते तरी ठावं हाय का तुला?"

"हा कोण न्हाई ते ठावं हाय," ती म्हणाली. "मी जाऊन येते दादा. त्यांना घेऊन येते. तू कापूस घाल केंद्रावर."

ते पांदीच्या वाटेने गेले, तो पुढे, ती मागे. दोन्हीकडे कापूस वेचून झालेल्या पराट्या उभ्या होत्या. पुंजाराम थोडा धावला, मग थांबला. परत आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघून एकच विचारलं.

"काय सांगितलं साहेब तुमी तिला?"

"खरं ते सांगितलं," मी म्हणालो.

६

त्यानंतर पुंजाराम माझ्या खोलीत आला नाही. शेतावर दिसला तर मान खाली घालायचा. सुटी टाकून तो कुठे कुठे जाऊन येतो, असं लोक सांगत. मनमाडपर्यंत गेला, मुंबईला गेला, कुठेतरी दूर उत्तरेत कुण्या छावणीच्या दारात बसून राहिला. मी औरंगाबादच्या लोकांना आता डोळे चालत नाहीत म्हणून कळवलं. माझे डोळे ठणठणीत होते. पण बिल्ला हातात घेतला की मला त्या रांगेतली शांत माणसं दिसायची, आणि त्या रांगेतच कुठेतरी, पदर खोचून, पुढच्याच्या पाठीकडे बघत उभी असलेली एक बाई. ती माझ्या एका वाक्यामुळे तिथे उभी होती.

चैत्रात, आंब्याला कैऱ्या धरल्या होत्या तेव्हा, पुंजाराम धावत आला. दारातूनच ओरडला.

"साहेब! आली! बहीण आली माझी!"

त्याच्या मागे केशरबाई होती. मी उभा राहिलो. माझ्या छातीवरून धोंडा उतरला आणि डोळे भरून आले. मी तिला स्टूल दिलं, पुंजारामला चहा आणायला पाठवलं. तो जाताना वळून वळून तिच्याकडे बघत होता आणि हसत होता, पोर जत्रेत हरवून सापडल्यावर बाप हसतो तसा.

ती बसली. टेबलावर मुगाचे दाणे पसरलेले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"भेटले का?" मी विचारलं.

"हाव. तुमी बराबर सांगितलं व्हतं भाऊ. धडधाकट हायत. लई आनंद झाला."

"कोणाला?"

"तिला," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मला."

बाहेर पाण्याचं इंजिन एकसुरात चालू होतं. मी दाणे पुढे मागे सारले. शुद्ध कोणते, भेसळीचे कोणते, ते मला एकाही दाण्याचं सांगता आलं नसतं.

"मग त्यांना घेऊन का नाही आलात?" मी विचारलं. "तुम्ही म्हणाला होता, घेऊन येते."

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे तेच होते, ताठ बसणं तेच होतं. हातातल्या काचेच्या बांगड्या सरकून कोपराजवळ गेल्या होत्या. तिने त्या मनगटावर आणल्या, त्या परत गेल्या. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल थोडी कीव होती, न कळणाऱ्या माणसाबद्दल असते तेवढीच.

"तिथं गेलेलं कुनी परत येत न्हाई भाऊ," ती म्हणाली.

पुंजाराम चहा घेऊन आला. पहिला पेला त्याने बहिणीच्या हातात दिला, तिच्या खांद्यावरची धूळ झटकली आणि तिथेच, तिच्या पायाशी, जमिनीवर मांडी घालून बसला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. औरंगाबादचे लोक बघत तसं, तोंडाकडे.

"जराशी रोडावली न्हाई का साहेब?" तो म्हणाला.

केशरबाई चहा पीत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, पुंजारामकडेच बघितलं.

"हो," मी म्हणालो. "प्रवासानं होतं तसं. खाऊ-पिऊ घाल चार दिवस."